हिला कुणी चोकच ओढलेला नाहीये

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला थंडी पडायला लागली आणि आमच्या गाडीनं रोज सकाळी तमाशा सुरू केला. गाडी २०११ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, १.२ लिटर, रनिंग ९४ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चौदा वर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत काहीतरी निघणारच, त्याला कंपनी काय करणार.

तर व्हायचं असं की पहिल्या सेल्फला नुसतीच कुरकुर करायची, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या सेल्फला चालू व्हायची, आणि चालू झाली की अख्खी गाडी रिक्षासारखी हलायची, आतला आरसा इतका थरथरायचा की मागचं काही दिसायचं नाही. आरपीएमचा काटा आठशे ते हजारच्या मधे कुठंतरी नाचत राहायचा. बरं, मग रेस द्यावी म्हणलं तर रेस दिली की आवाज वाढायच्या ऐवजी खप्प करून खाली बसायची. सोसायटीच्या गेटला थोडीशी चढण आहे, तिथं रोज एकदा तरी बंद पडायची आणि मागं स्कूलव्हॅनवाला हॉर्न मारत उभा. सकाळी पावणेसातला मुलीला शाळेत सोडायला बायको जाते, तिनं चार दिवस सहन केलं आणि पाचव्या दिवशी किल्ली माझ्यासमोर ठेवून स्कूटरची किल्ली घेतली. बोलली काहीच नाही, तेच जास्त लागलं.

आणि गंमत म्हणजे तीनचार मिनिटं गेली की गाडी एकदम गुणी. नंतर दिवसभर कुठंही न्या, त्र्यंबकला जाऊन या, काही तक्रार नाही. दुपारी ऑफिसबाहेर चार तास उभी राहून पण एका सेल्फला चालू. हे दुपारचं मी तेव्हाच नीट लक्षात घ्यायला पाहिजे होतं, घेतलं नाही.

गॅरेज आमच्या घरापासून चार किलोमीटर. म्हणजे तिथं पोचेपर्यंत इंजिन गरम आणि गाडी ठणठणीत. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, कान लावला, रेस दिली, म्हणाला, "साहेब, गाडी तर मक्खन आहे." लहान पोराचा ताप डॉक्टरच्या दारात उतरतो ना, तसं. तरी मी एवढं सांगतोय म्हणल्यावर त्यालाही काहीतरी करणं भाग होतं, त्यानं चारही प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी काढून साफ केली. खोटं कशाला बोलू, थ्रॉटल बॉडीत काजळी होतीच, आणि प्लगही पंचेचाळीस हजार चाललेले होते. एकूण दोन हजाराच्या आसपास गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा तसाच थरथरतोय.

मग सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले बॅटरी. ऑफिसमधला एकजण म्हणाला कॉइल गेली, चारही बदलून टाक. आणि बाकी सगळे, अगदी सगळे, म्हणाले की हे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळं होतंय, जुन्या गाड्यांची वाट लागलीये. आता यात अगदीच तथ्य नाही असं नाही. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळं गार इंजिनमधे ते जरा अडचणीचंच, शिवाय त्यात मुळातच ऑक्सिजन असतो म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. पण फरक थोडा. आणि दोष पेट्रोलचाच असेल तर चार मिनिटांत गाडी एवढी कशी सुधारते? पेट्रोल काही चार मिनिटांत बदलत नाही. पण हे शहाणपण आत्ता लिहिताना सुचतंय, तेव्हा मी पण पेट्रोलला शिव्या देत एक बाटली अॅडिटिव्ह टाकून बसलो होतो.

खरं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं होतं. बाबांनी दिलं होतं, बाल्कनीतून, चहा पिता पिता. मी खाली गाडीशी झटापट करत होतो, वर आलो तर म्हणाले, "अरे, हिला कुणी चोकच ओढलेला नाहीये."

मी म्हणलं, "बाबा, हिला चोक नसतो. कम्प्युटर असतो."

"असेल बाबा कम्प्युटर. मग त्यानं ओढला नाहीये."

बाबांनी एकोणीस वर्षं पद्मिनी चालवली, त्या पिढीच्या भाषेत फियाट. थंडीत चोकची नॉब बाहेर ओढायची, सेल्फ मारायचा, इंजिन जरा तापलं की अर्धी आत, मग पूर्ण आत. ती नॉब आपोआप आत सरकायची म्हणून बाबा तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवायचे, आणि चिमटा काढायला विसरले की संध्याकाळपर्यंत पेट्रोलचा काटा खाली आणि मागून काळा धूर. म्हणजे चोक न ओढता गार इंजिन चालवलं तर ते कसं खोकतं हे त्यांच्या कानात बसलेलं आहे. मी मात्र हसलो आणि विसरलो.

त्यांच्या म्हणण्यात काय होतं ते जरा फोडून सांगतो. पेट्रोल द्रव असताना नीट जळत नाही, त्याची वाफ होऊन हवेत मिसळली पाहिजे. गरम इंजिनमधे १४.७ किलो हवेला एक किलो पेट्रोल हा हिशोब बरोबर बसतो. पण गार इंजिनमधे इंजेक्टरनं मारलेल्या पेट्रोलपैकी बराचसा भाग पोर्टच्या आणि सिलिंडरच्या गार भिंतींना चिकटून ओला राहतो, वाफच होत नाही. म्हणून गार असताना मुद्दाम भरपूर जास्त पेट्रोल द्यावं लागतं, म्हणजे त्यातलं जेवढं उडेल तेवढ्यावर भागतं. जुन्या गाडीत चोक हवा अडवून हेच करायचा. नव्या गाडीत ईसीयू, म्हणजे गाडीचा कम्प्युटर, इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि जोडीला आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) हजार-बाराशेच्या वर नेऊन ठेवतो. आणि इंजिन गार आहे की गरम हे ईसीयूला कळतं एकाच गोष्टीवरून, कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. माझी गाडी गारठलेली असताना काटा आठशे-हजारला नाचत होता, म्हणजे तिला वाढीव आयडलिंगच मिळत नव्हतं. डोळ्यासमोर होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निफाडला मामांकडं गेलो होतो. तिकडं थंडी म्हणजे वेगळाच प्रकार, रात्री द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवून बसतात लोक, मणी तडकू नयेत म्हणून. सकाळी सहाला निघायचं होतं आणि गाडी चालूच होईना. सात-आठ सेल्फ झाले, बॅटरी बसायला आली, शेवटी मामांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी लावल्या आणि कशीबशी निघालो. येताना ठरवलं की आता गॅरेज बंद, ही गाडी गार असतानाच बघायची आणि ती आपल्यालाच बघावी लागणार, कारण पहाटे साडेसहाला आमच्या पार्किंगमधे कुठला मिस्त्री येणार.

पहिल्या सकाळी पेट्रोलचं प्रेशर. रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरत असेल तर सेल्फ जास्त मारावा लागतो. त्याची घरगुती परीक्षा सोपी आहे, किल्ली ऑन करायची, मागून पंपाचा दोनेक सेकंद घूं आवाज येतो तो ऐकायचा, ऑफ करायची, असं तीनदा करायचं आणि मग सेल्फ मारायचा. तसं केलं. काडीचा फरक नाही. पंप निर्दोष सुटला.

दुसऱ्या सकाळी हवा कुठून चोरून आत येतेय का ते. हा संशय मला सगळ्यात जास्त होता, कारण इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा नेणारे, रबरी पाइप आणि गॅस्केट गार असताना आखडतात, बारीक फट पडते, आणि गरम झाले की फुगून फट बंद होते, लक्षणं अगदी जुळत होती. यासाठी लोक कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात, पण तो पेट घेतो, चालू इंजिनवर मला ते नको वाटलं, म्हणून झाडांना पाणी मारायची स्प्रेची बाटली घेतली आणि मॅनिफोल्डच्या जोडावर, ब्रेक बूस्टरच्या पाइपवर थोडं थोडं पाणी मारलं. फट असेल तर पाणी ओढलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. नाही बदलला. वॉचमन मात्र येऊन विचारून गेला की गाडीला अंघोळ का घालताय.

मग तो छोटा ब्लूटूथ स्कॅनर मागवला, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाईलवर आकडे बघायचे. साताठशे रुपयाला येतो, प्लगच्या आधी घेतला असता तर प्लगचे पैसे वाचले असते, असो. रात्री लावला तर एकही फॉल्ट कोड नाही. चेक इंजिनची लाइट तर आधीपासूनच पेटलेली नव्हती. मला वाटलं हेही गेले पैसे.

सकाळी साडेसहाला खाली गेलो. मोबाईलवर बाहेरचं तापमान ११. गाडी चालू न करता नुसती किल्ली ऑन केली. इनटेकच्या हवेचं तापमान १२ अंश. कूलंट ४२.

मी परत बघितलं. रात्री नऊपासून उघड्यावर उभी असलेली गाडी, बॉनेटला हात लावला तर बर्फ, आणि ईसीयूला वाटतंय इंजिन ४२ डिग्रीला आहे! म्हणजे तो बिचारा एप्रिलच्या दुपारी देतात तेवढंच पेट्रोल देतोय. कम्प्युटरनं चोक ओढलाच नाही, कारण त्याला कुणी सांगितलंच नाही की थंडी आहे.

गार इंजिनचा त्रास असेल कुणाला तर बाकी काही करण्याआधी हे करा, रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन बंद, किल्ली ऑन, आणि हे दोन आकडे शेजारी शेजारी बघा. दोन्ही सेन्सर रात्रभर त्याच हवेत आहेत तर दोघांनी एकच आकडा दाखवायला पाहिजे, दोनतीन डिग्रीचा फरक ठीक. याला ना पाना लागतो ना मिस्त्री. फक्त सकाळी उठावं लागतं.

आता लाइट का नाही पेटली? कारण ४२ हा आकडा काही अशक्य नाही. वायर तुटली असती तर ईसीयूला उणे चाळीस दिसलं असतं, शॉर्ट झाली असती तर सव्वाशेच्या पुढं काहीतरी, दोन्हीला कोड आहे आणि दोन्हीला लाइट पेटते. पण ४२ म्हणजे नुकती बंद करून परत चालू केलेली गाडी, त्यात संशय काय घ्यायचा. नव्या गाड्या वेगवेगळे आकडे एकमेकांशी ताडून बघतात म्हणे, आमची २०११ ची आहे, ती कुणी काही सांगितलं की ऐकून घेते.

चालू केल्यावर अजून एक गोष्ट दिसली. पहिलं मिनिटभर, सवा मिनिट गाडी नेहमीसारखी हलत होती. मग ऑक्सिजन सेन्सर तापून कामाला लागला, आणि त्यानं सायलेन्सरमधला धूर हुंगून ईसीयूला सांगितलं की पेट्रोल फार कमी पडतंय, तसा शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिमचा (ईसीयू तात्पुरतं किती टक्के पेट्रोल वाढवतोय त्याचा) आकडा शून्यावरून भराभर अधिक १८, अधिक २० वर गेला आणि त्याच क्षणी आरसा थरथरायचा थांबला. मग जसंजसं इंजिन तापत गेलं तसा तो आकडा खाली येत येत ३-४ वर बसला. म्हणजे ती रोजची तीनचार मिनिटं काय होतं ते पूर्ण मोबाईलवर दिसलं. मला खरंच सिनेमा बघितल्यासारखं वाटत होतं, बायकोला दाखवायला वर पळत गेलो तर ती म्हणाली ठीक आहे पण शाळेची वेळ झालीये.

त्या रविवारी सकाळी मल्टिमीटर काढला. सेन्सर म्हणजे आत एक थर्मिस्टर, गार असताना रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. बहुतेक गाड्यांमधे २० डिग्रीला अडीच किलोओहमच्या आसपास, १० डिग्रीला पावणेचारच्या जवळपास, ८० ला तर जेमतेम तीनशे ओहम. कपलर, म्हणजे सेन्सरला वायरी जोडणारा जोड, काढला आणि कारण तिथंच दिसलं, पिना हिरव्यागार. सेन्सरच्या बॉडीतून कूलंट कणाकणानं वर झिरपत होतं आणि दोन्ही पिनांच्या मधे हिरवी-पांढरी साय जमलेली. मीटर लावला, ११ डिग्रीला १.१ किलोओहम. पाहिजेत साडेतीन.

इथं मला एक प्रश्न दोन दिवस छळत होता. सेन्सर खोटं बोलतो तर गरम असताना का नाही बोलत? गरम इंजिनला स्कॅनरवर ९० दिसायचं, जे बरोबरच वाटत होतं. कागदावर आकडे मांडले तेव्हा कळलं. ती साय म्हणजे विजेला मिळालेली चोरवाट, समजा दीड-पावणेदोन किलोओहमची. सेन्सर गार असताना त्याचा स्वतःचा रस्ता साडेतीन किलोओहमचा, म्हणजे खडतर, त्यामुळं वीज बरीचशी चोरवाटेनं जाते आणि ईसीयूला एकूण रेझिस्टन्स १.१ दिसतो, म्हणजे ४२ डिग्री. पण इंजिन तापलं की सेन्सरचा स्वतःचा रस्ता पाव किलोओहमचा होतो. हायवे मोकळा असताना गल्लीतून कोण जातं? चोरवाट असून नसल्यासारखी. खरं तापमान ८५ असेल तर ९० दिसणार, एवढीच चूक, ती कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून त्रास फक्त थंडीत, फक्त सकाळी. आणि म्हणूनच दुपारी ऑफिसबाहेर उभी गाडी चांगली चालू व्हायची, तिथं खरं आणि दिसणारं यातलं अंतरच कमी होतं.

नवीन सेन्सर घ्यायच्या आधी एक खात्री करायची होती, दोन हजार एकदा घालवून झाले होते ना. एमजी रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ३.३ किलोओहमचा रेझिस्टर आणला, सुटा देत नाहीत म्हणून दहाची पट्टीच दहा रुपयाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सरचा कपलर काढून त्यात त्या रेझिस्टरच्या दोन तारा खुपसल्या. किल्ली ऑन, स्कॅनरवर कूलंट १३ डिग्री. सेल्फ मारला. पहिल्याच सेल्फला धाडकन चालू, काटा सरळ साडेबाराशेवर जाऊन स्थिर उभा, आरसा आरशासारखा.

वरून, बाल्कनीतून, आवाज आला, "आता ओढलास का चोक?"

मी खालूनच हो म्हणलं. काय करणार.

(रेझिस्टर लावून गाडी चालवत मात्र सुटू नका. ईसीयूला वाटणार इंजिन कायम गारच आहे, तो पेट्रोल ओतत राहणार आणि रेडिएटरचा फॅन लागणार नाही, मग हेड गॅस्केटचा खर्च वेगळा. मी अर्ध्या मिनिटात बंद केली.)

सेन्सर साडेचारशेला मिळाला. तो बसवायच्या आधी मला तपासायचा होता, म्हणून स्वयंपाकघरात गेलो, एका वाटीत बर्फाचं पाणी, एकात साधं, एकात गरम, ताप मोजायचा नव्हे, तर फोटो डेव्हलप करताना वापरायचा तो जुना थर्मामीटर, आणि मीटर. बर्फाच्या पाण्यात सहाच्या जवळ, साध्यात अडीच. नवा कोरा सेन्सर होता म्हणून वाट्या वापरल्या, जुना चुकूनसुद्धा भांड्यात घालायचा नाही, कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड असतं, घरात पोरं आणि मांजर असेल तर सांडलेलं लगेच पुसायचं. जुना मी रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय.

बसवायला मिस्त्रीकडंच गेलो, एकतर त्याच्यावर राग नव्हता, गाडी त्याच्यासमोर नेहमी बरीच असायची तर तो काय करणार, आणि दुसरं म्हणजे सेन्सर अशा कोपऱ्यात आहे की माझा हात जात नाही. मात्र यावेळी गाडी रात्रीच त्याच्याकडं सोडली आणि सकाळी गेलो, म्हणजे इंजिन गार, कूलंट अंगावर उडायची भीती नाही. जुना काढला, भोकातून कूलंट यायच्या आत नवा लावला, जेमतेम कपभर सांडलं असेल. कपलरच्या बाजूची हिरवी घाण स्प्रेनं आणि टूथब्रशनं काढली, हे राहून गेलं तर नवा सेन्सर पण थोड्या दिवसात खोटं बोलायला लागेल. कूलंट वर भरलं, हवा काढली, शंभर रुपये घेतले. त्याला मी ४२ डिग्रीची गोष्ट सांगितली तर त्यानं स्वतःचा मोठा स्कॅनर काढून लगेच बाजूच्या दुसऱ्या गाडीला लावून बघितला, तिचे दोन्ही आकडे सारखे होते, जरा हिरमुसला.

तेव्हापासून रोज सकाळी एका सेल्फला चालू. जानेवारीत एक दिवस आठ डिग्री होतं तेव्हा पहिले पाचसात सेकंद जराशी अडखळली, ते कदाचित ई२० चं असेल, कदाचित इंजेक्टर साफ करायला झालेत, बघू पुढच्या थंडीत. बायकोनं गाडीची किल्ली परत घेतलीये. आता फक्त खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार आहे की आधी सकाळी गाडी हळू चालू व्हायची, हल्ली साडेसहालाच एवढी का ओरडते. साडेबाराशे आरपीएमला ओरडणारच, दीड-दोन मिनिटांत उतरते खाली. त्यांना सांगितलं चोक ओढलाय म्हणून. त्यांच्याकडं पण फियाटच होती, लगेच पटलं.